हाकेच्या अंतरावरचा ग्रंथपाल

ज्या जगात पाऊस कुणाला भिजवत नाही, ऊन कुणाला भाजत नाही आणि मनात आलं की माणूस उडू शकतो, तिथे ग्रंथालयाला छप्पर कशासाठी हवं? जिना कशासाठी? ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात २००६ साली ग्रंथपालांनी ‘इन्फो आयलंड’ नावाचं बेट वसवायला घेतलं, तेव्हा त्यांच्यापुढे कोरी जमीन होती. ढगांत तरंगणारं किंवा समुद्राच्या तळाशी उघडणारं वाचनालय बांधायला कुणाची आडकाठी नव्हती. तरीही त्यांनी छप्पर घातलं, पायऱ्या बांधल्या, कपाटं मांडली आणि दर्शनी जागी एक टेबल ठेवून त्यामागे माणूस उभा केला. हे बेट कलाकृतीसारखं वाचायचं तर त्याच्या या निवडींपासूनच सुरुवात करायला हवी.

आधी थोडं माध्यमाविषयी. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब या कंपनीने २००३ मध्ये सेकंड लाइफ लोकांसाठी खुलं केलं. दिसायला ते खेळासारखं असलं तरी त्यात जिंकणं-हरणं नाही. कंपनी जमीन देते. त्यावरची घरं, झाडं, कपडे, रस्ते हे सगळं तिथले रहिवासी स्वतः घडवतात. इलिनॉय राज्यातल्या ईस्ट पिओरिया इथली ‘अलायन्स लायब्ररी सिस्टिम’ ही त्या परिसरातल्या ग्रंथालयांना साहाय्य करणारी संस्था. तिने २००६ च्या वसंतात या जगात पाऊल टाकलं, ऑक्टोबरमध्ये बेटाचं रीतसर उद्घाटन झालं आणि देशोदेशींचे ग्रंथपाल आपली नोकरी सांभाळून स्वयंसेवक म्हणून येऊन मिळाले. पुढे एका बेटाची बेटं होत गेली.

या जगातल्या बांधकामाचा मूळ घटक म्हणजे ‘प्रिम’: ठोकळा, नळकांडं, गोल असे साधे आकार. २५६ मीटर लांब-रुंद अशा एका प्रदेशात तेव्हा सुमारे १५,००० प्रिम मावत. आकडा मोठा वाटतो, पण खुर्चीचा प्रत्येक पाय आणि दाराची प्रत्येक फळी त्यातूनच खर्ची पडते. उघडून वाचता येईल असं प्रत्येक पुस्तक वेगळं ठेवायचं तर शेल्फच्या शेल्फ भरणं परवडत नाही. म्हणून भिंतभर कपाट हे बहुधा एकाच पृष्ठभागावर चिकटवलेलं पुस्तकांचं चित्र असे आणि त्याच्यापुढे मांडलेली मोजकी पुस्तकंच हात लावल्यावर उघडत. वृत्ताच्या बंधनात कवीला जसा प्रत्येक शब्द पारखून घ्यावा लागतो, तसं इथे ग्रंथपालाला प्रत्येक पुस्तक पारखून ठेवावं लागलं. चित्रातली पुस्तकं ‘हे ग्रंथालय आहे’ एवढंच सांगत. उघडणारं पुस्तक मात्र कुणीतरी निवडून तिथे ठेवलेलं असे. संग्रहाच्या विस्तारावर ज्याची सारी प्रतिष्ठा उभी असते, त्या व्यवसायाने इथे वेचकपणाची शिस्त अंगी बाणवली.

वास्तूचंही तसंच. या जगात आपण स्वतःला पाठीमागून, डोक्याच्या जरा वरून पाहत असतो. छत बुटकं असलं की दृष्टी छताला अडते, दालन चिंचोळं असलं की भिंतीत घुसते. त्यामुळे तिथे घर बांधायला बसलेला प्रत्येक जण लवकरच शिकतो की छत दुप्पट उंच हवं, दारं ऐसपैस हवीत, भिंती शक्य तितक्या कमी हव्यात. कोनाड्यात अंग चोरून वाचत बसण्याची ग्रंथालयातली जुनी सोय या नियमात बसत नव्हती. तिच्या जागी मोकळेपणा आला: लांबून आत काय चाललंय ते दिसावं, आत कोण आहे ते कळावं. मग छप्पर कशासाठी, याचं उत्तर इथे मिळतं. नवखा माणूस या जगात उतरतो तेव्हा त्याला नीट चालताही येत नसतं. अनोळखी मुलखात त्याला ओळखीची एक खूण हवी असते. छपराखाली कपाटं दिसली की इथे विचारलं तर कुणी हसणार नाही, एवढं तरी त्याला कळतं. निसर्गाशी काही संबंध नसलेलं ते छप्पर येणाऱ्याचा संकोच मात्र कमी करतं.

आणि आता ते टेबल. माझ्या मते इन्फो आयलंडचा प्राण तिथे आहे.

वेबसाइटवर आलेला वाचक ग्रंथपालाला दिसत नाही. तो येतो, शोधतो, सापडलं नाही तर निघून जातो. मागे उरते ती फक्त भेटींच्या आकड्यातली भर. सेकंड लाइफमध्ये तो दारात उभा असलेला दिसतो. आत यावं की न यावं अशा घुटमळीत तो दोन पावलं पुढे येतो, एक मागे जातो, कपाटासमोर तोंड करून नुसताच थांबतो. अडलेल्या माणसाचं हे अडणं दिसणं, ही संदर्भसेवेची पहिली पायरी. वेबच्या झपाट्यात ती हरवली होती. ती या ग्रंथपालांना एका काल्पनिक बेटावर परत मिळाली. तिथला टेबलाशी उभा असलेला ग्रंथपाल प्रश्न येण्याआधीच नमस्कार करू शकत होता.

या भेटीचे बारकावे फार रसाळ आहेत. सुरुवातीची काही वर्षं तिथे स्वतःच्या आवाजात बोलण्याची सोय नव्हती. ती २००७ मध्ये आली. तोवर बोलणं म्हणजे टाइप करणं, आणि टाइप केलेलं साधं बोलणं २० मीटरपर्यंतच ‘ऐकू’ जाई. ओरडलं तर १०० मीटर, कुजबुजलं तर १०. ज्याला सारं जग एका क्षणात जोडता आलं असतं, त्या तंत्रज्ञानाने मुद्दाम हाकेचं अंतर ठेवलं. त्यामुळे प्रश्न विचारायला जवळ जावं लागे, आणि जवळ गेलं की शेजारी उभा असलेला तिसरा माणूसही त्या संभाषणात ओढला जाई. एकाच्या प्रश्नाला दुसऱ्या वाचकाकडून उत्तर मिळणं हा वाचनालयातला जुना योग तिथे सहज जुळून येई.

याहून मोलाचा आहे तो हातांचा अभिनय. कुणी टाइप करू लागलं की त्याची आकृती दोन्ही हात हवेत उचलून अदृश्य कळफलक बडवू लागते आणि टकटक आवाज येतो. म्हणजे उत्तर येण्याआधी विचारणाऱ्याला दिसतं की समोरचा माणूस आपल्यासाठी काही लिहितो आहे. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या रिकाम्या वेळेला इथे चेहरा मिळाला. उलट, बराच वेळ कळ दाबली नाही की तीच आकृती मान खाली टाकते. त्यामुळे टेबलाशी माणूस आहे की नुसती त्याची बाहुली, हे लपत नसे. हजेरी खरी असावी लागे. निरनिराळ्या देशांतल्या स्वयंसेवकांनी वेळा वाटून घेतल्या, त्या ही हजेरी खरी राहावी म्हणूनच.

विचारले जाणारे प्रश्न बहुतेक वेळा पांडित्याचे नसत. कपडे कसे बदलायचे, अमुक ठिकाणी कसं जायचं, हे बांधकाम कसं करतात, अशा त्या जगाविषयीच्याच शंका पुष्कळ असत. एखाद्याला यात ग्रंथपालाच्या विद्येचा अपव्यय दिसेल. मला त्यात त्या विद्येचं सार दिसतं. गावात नव्याने राहायला आलेला माणूस वाचनालयात येऊन आधी बसथांबा विचारतो, मग दवाखाना, आणि पुस्तकाकडे वळतो ते नंतर.

उत्तर देण्याची रीतही माध्यमातून घडली. लिहिलेलं उत्तर ‘नोटकार्ड’ म्हणून हातात ठेवता येई आणि वाचक ते आपल्या सामानात जपून ठेवी. याशिवाय ‘लँडमार्क’ देता येई. तो उघडला की माणूस थेट त्या जागी पोचतो. अमेरिकेची हवामान व सागरविषयक संस्था ‘नोआ’ हिने याच जगात किनारा उभारला होता. तिथे उभं राहून त्सुनामी येताना पाहता येई. त्सुनामीविषयी विचारायला आलेल्या वाचकाला ग्रंथपाल लेख देऊ शकत होता, शिवाय त्या किनाऱ्यावर नेऊन उभंही करू शकत होता. संदर्भ म्हणून एक अख्खी जागा वाचकाच्या हाती ठेवता येणं ही कल्पना ग्रंथालयशास्त्रात नवी होती, आणि ग्रंथपालांनी तिचा उपयोग सहजतेने केला.

या द्वीपसमूहाबाहेर, ‘कॅलेडॉन’ नावाच्या मुलखात, याच कलेचं आणखी एक सुरेख रूप पाहायला मिळतं. कॅलेडॉन म्हणजे वाफेच्या यंत्रांचं, उंच टोप्यांचं, शिष्टाचाराचं कल्पित एकोणिसावं शतक. तिथल्या ग्रंथालयात ग्रंथपाल त्याच काळाच्या वेशात आणि त्याच अदबीच्या भाषेत वावरत. याला नुसती हौस म्हणता येणार नाही. आभासी ग्रंथालयाची मोठी अडचण म्हणजे स्वामित्वहक्क: हल्लीची पुस्तकं तिथे अख्खी ठेवता येत नाहीत. एकोणिसाव्या शतकातलं साहित्य मात्र त्या बंधनातून केव्हाच मुक्त झालेलं आहे. म्हणून ज्या मुलखाची पात्रंच त्या शतकात जगतात, तिथलं ग्रंथालय आपल्या वाचकांना हवं ते पुस्तक संपूर्ण देऊ शकत होतं. कायद्याची मर्यादा आणि कल्पनेची हौस एकमेकींत इतक्या बेमालूम मिसळलेल्या मी क्वचितच पाहिल्या आहेत.

‘हेल्थइन्फो आयलंड’चा रस वेगळा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या अनुदानातून ते उभं राहिलं. आजाराविषयी विचारताना माणूस स्वतःचं नाव लपवू पाहतो. इथे त्याचं नाव आणि रूप दोन्ही घेतलेलं होतं आणि खाजगी संदेशाची सोय होती, त्यामुळे जे ओळखीच्या टेबलाशी विचारवलं नसतं, ते इथे विचारता येई. ज्यांना शरीरामुळे घराबाहेर पडणं कठीण, अशा अनेकांनी या जगात आपला समाज उभा केला होता. पुढे हे बेट अपंगांसाठी काम करणाऱ्या ‘व्हर्च्युअल ॲबिलिटी’ या संस्थेकडे गेलं, ते अगदी योग्य हाती.

रसग्रहणात उणिवांकडे डोळेझाक करता येत नाही. वाचन ही ग्रंथालयाची मुख्य गोष्ट, आणि तीच इथे सर्वांत दुबळी होती. नोटकार्ड म्हणजे साधा मजकूर; पानं उलटणाऱ्या पुस्तकांतली अक्षरं आधी धूसर दिसत आणि सावकाश स्पष्ट होत. दीर्घ कादंबरी तिथे कुणी सुखाने वाचेल असं नव्हतं. शिवाय या जगात शिरायला दमदार संगणक आणि वेगवान इंटरनेट लागे. सार्वजनिक ग्रंथालयाची गरज ज्याला सर्वाधिक, त्याच्याकडेच ते नसण्याची शक्यता अधिक. सारी उभारणी भाड्याच्या जमिनीवर होती, हीसुद्धा साधी बाब नव्हे. २०११ च्या आरंभी लिंडेन लॅबने शैक्षणिक आणि ना-नफा संस्थांची सवलत थांबवली आणि अनेकांनी मुक्काम हलवला. त्याच वर्षी अलायन्स लायब्ररी सिस्टिमही एका मोठ्या विभागीय संस्थेत विलीन झाली. जमीन सोडली की त्या जमिनीवरचं बांधकामही जातं. तरी ‘कम्युनिटी व्हर्च्युअल लायब्ररी’ या नावाने स्वयंसेवकांनी हे काम पुढे चालू ठेवलं, आणि त्यातच या निर्मितीची खरी ताकद दिसते: इमारत जाऊनही सेवा उरली.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवण्याचा आग्रह आहे. आपण आज तो आग्रह बहुधा वेगाच्या भाषेत समजून घेतो: लवकर शोध, लवकर उत्तर. इन्फो आयलंडने त्याची दुसरी बाजू दाखवली. वाचकाचा वेळ वाचवायचा तर कुणीतरी स्वतःचा वेळ द्यावा लागतो. जागा बदलली, देह बदलला, पुस्तकं चित्रात गेली, तरी विचारणाऱ्याची वाट पाहत कुणी उभं असेल तर ते ग्रंथालयच. उद्या याहून झळझळीत आभासी जगं येतील, तिथे उत्तरं देणारी यंत्रंही असतील. त्या जगांत ग्रंथालय उभारणाऱ्याने इथल्या भिंती आणि कपाटं नाही उचलली तरी चालेल. दारात घुटमळणारा माणूस दिसेल अशी एक जागा आणि तो दिसल्यावर आपणहून बोलणारा एक ग्रंथपाल, एवढं मात्र त्याने आधी ठरवावं. बाकीची रचना त्याभोवती आपोआप सुचत जाईल.