प्रश्न वगळलेली उत्तरे : दूरचित्रवाणीवरील ग्रंथकारांच्या भाषणांविषयी काही विचार

इतिहास आणि सार्वजनिक जीवन यांवर लिहिणारा ग्रंथकार जेव्हा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर येऊन बोलतो, तेव्हा तो आपल्या ग्रंथाचेच निवेदन करीत असतो, की एक निराळी संहिता निर्माण करीत असतो? हा प्रश्न वरवर शाब्दिक वाटेल. परंतु अशी भाषणे आज जतन केलेली व सहज उपलब्ध आहेत, आणि त्यांतील विधाने प्रबंधांत पुरावा म्हणून उद्धृत करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. म्हणून या संहितेचे स्वरूप निश्चित करणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात दोन परस्परविरोधी उदाहरणांच्या आधारे तसा प्रयत्न केला आहे.

पहिले उदाहरण इंग्रज इतिहासकार ए. जे. पी. टेलर यांचे. १९५७ मध्ये त्यांनी ब्रिटनच्या व्यापारी वाहिनीवर रशियन क्रांतीविषयी व्याख्याने दिली. हाती टिपण नाही, चित्रे नाहीत, संवादक नाही. एक माणूस प्रेक्षकांकडे पाहून अर्धा तास बोलतो आणि ठरल्या वेळी थांबतो. आपल्याकडील व्याख्यानमालांच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला हे कौशल्य चटकन भावते. परंतु वक्तृत्वाची कसोटी ही इतिहासलेखनाची कसोटी नव्हे. टेलर यांचा दुसऱ्या महायुद्धाच्या उगमावरील ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यावर मोठा वाद माजला. हिटलरचे परराष्ट्रधोरण पूर्वीच्या जर्मन मुत्सद्द्यांच्या धोरणाहून फारसे निराळे नव्हते, हे त्यातील प्रतिपादन मान्य असो वा नसो, वाचकाला तळटीप पाहून लेखकाशी भांडता येत होते. पडद्यावरील वाक्याला तळटीप नसते. 'असे दिसते', 'बहुधा', 'उपलब्ध कागदपत्रांवरून' ही संशयदर्शक पदे बोलण्याच्या ओघात गळून पडतात, आणि अनुमानाचे रूपांतर वृत्तांतात होते.

अर्ध्या तासाचा साचा केवळ शैलीवर नव्हे, तर कारणमीमांसेवरही परिणाम करतो. १९७६ मध्ये बी. बी. सी. वर टेलर यांनी महायुद्धातील सेनानायकांवर सहा व्याख्याने दिली. मुसोलिनी, हिटलर, चर्चिल, स्टालिन, रूझवेल्ट असे एकेका पुरुषाला एकेक व्याख्यान मिळाले. सहाव्या, म्हणजे जपानवरील व्याख्यानासाठी मात्र एक नायक सापडेना. म्हणून त्यांनी त्याला 'अनामिक' सेनानायकांचे व्याख्यान असे शीर्षक दिले. टेलर यांचा प्रामाणिकपणा येथे दिसतो. त्याचबरोबर साच्याची मर्यादाही उघडी पडते. जपानचा निर्णय अनेकांच्या हातून झाला होता. हीच गोष्ट इतर पाच देशांच्या बाबतीत कितपत खरी होती, हा प्रश्न त्या शीर्षकामुळे सुचतो. पण एकभाषिताच्या रचनेत तो विचारणारा कोणीच नसतो.

दुसरे उदाहरण नेमके याच्या उलट आहे. अमेरिकेतील सी-स्पॅन ही संस्था १९७९ मध्ये सुरू झाली. तिचे संस्थापक ब्रायन लॅम्ब. व्हिएतनाम युद्धावरील ग्रंथासाठी सोळा वर्षे खर्ची घालणारे नील शीहन यांची त्यांनी १९८८ मध्ये दीर्घ मुलाखत घेतली. तिच्यातूनच पुढे १९८९ मध्ये 'बुकनोट्स' ही साप्ताहिक माला सुरू झाली व २००४ पर्यंत चालली. एक तास, एक ग्रंथ, एक ललितेतर ग्रंथकार, मध्ये जाहिराती नाहीत, असा तिचा शिरस्ता होता. लॅम्ब ग्रंथ वाचून येत, स्वतःचे मत क्वचितच सांगत, आणि अत्यंत आखूड प्रश्न विचारीत : हा मनुष्य कोण होता? हे तुम्हांला कोठे सापडले? ग्रंथ कोठे बसून लिहिला?

या प्रश्नांना बाळबोध म्हणून हसणे सोपे आहे. माझ्या मते त्यांचे कार्य तळटिपेचे आहे. 'कोठे सापडले?' या प्रश्नाने ग्रंथकाराला आपल्या विधानाचा उगम उच्चारावा लागतो; जे टेलर यांच्या ओघवत्या वाणीत लुप्त होते, ते येथे प्रश्नामुळे पृष्ठभागावर येते.

या मालेतील संभाषणांचे संकलन १९९७ मध्ये ग्रंथरूपाने निघाले, तेव्हा मात्र लॅम्ब यांचे प्रश्न काढून टाकण्यात आले आणि उत्तरांना सलग लेखांचे रूप देण्यात आले. माझा मुख्य आक्षेप येथे आहे. एक काल्पनिक वाक्य घेऊ : 'तसा हुकूम मला कागदपत्रांत आढळला नाही.' प्रश्नाच्या उत्तरादाखल आले, तर ही काढून घेतलेली कबुली आहे. प्रश्न पुसून टाकला, की तेच वाक्य लेखकाने आपण होऊन दाखविलेली सावधगिरी ठरते. शब्द तेच राहिले, उक्तीचा व्यापार बदलला. आणि श्रेय प्रश्नकर्त्याकडून ग्रंथकाराकडे गेले.

येथे असा आक्षेप संभवतो, की सामान्य वाचकाला सलग लेखच सुखकर वाटतो, आणि मूळ संभाषणांची लेखी प्रत ज्याला हवी त्याला मिळू शकते. पहिला मुद्दा मान्य आहे. दुसऱ्याविषयी एवढेच म्हणावे लागेल, की मूळ प्रत उपलब्ध असल्यामुळे संकलनाचा दोष सौम्य होतो, नाहीसा होत नाही. कारण ग्रंथातून उद्धृत करणाऱ्याला काय वगळले गेले, याची खूण त्या पानावर कोठेच दिसत नाही.

लॅम्ब यांच्या पद्धतीतही उणीव होतीच. कोणत्याही ग्रंथकाराला या मालेत एकदाच बोलवावयाचे, असा नियम होता. त्यामुळे सुमारे आठशे ग्रंथकारांना स्थान मिळाले, हा लाभ मोठा. परंतु ग्रंथावर टीका झाल्यानंतर लेखकाने मत बदलले काय, हे त्याच आसनावर पुन्हा बसवून विचारण्याची सोय राहिली नाही. शिवाय माहिती विचारणारा प्रश्न आणि विधानाला आव्हान देणारा प्रश्न यांत अंतर आहे. लॅम्ब यांचा कल पहिल्याकडे होता.

तात्पर्य, असे भाषण ग्रंथाचा संक्षेप नव्हे व ग्रंथाला पर्यायही नव्हे. आपल्या विभागातील अभ्यासकांनी त्यातून उद्धृत करताना वक्त्याच्या विधानाबरोबर त्यामागचा प्रश्नही द्यावा, आणि प्रश्न नसल्यास तसे स्पष्ट नमूद करावे. विधान कोणी केले, एवढे सांगून संशोधकाचे कर्तव्य संपत नाही. ते कशाच्या उत्तरादाखल केले, हेही सांगावे लागते.