नाशिकचा वाडा : अनेक राजवटींचे घर

वाड्याविषयी मराठीत लिहिले जाते ते बहुधा आठवणींच्या सुरात. चौक, ओसरी, झोपाळा, माजघरातला गारवा. या आठवणी खऱ्या आहेत, पण त्यांच्यामुळे एक समजूत घट्ट होऊन बसली आहे : वाडा पेशवाईत पूर्णत्वाला गेला आणि पुढे नुसता ढासळत राहिला. जुन्या नाशकातले वाडे नीट पाहिले तर ही समजूत टिकत नाही. तिवंधा, भद्रकाली, सराफ बाजार किंवा पंचवटीत एकाच वाड्याच्या अंगावर तीन-चार राजवटी वाचता येतात, आणि आज त्याचे जतन फसते आहे ते हे वाचन आपण टाळतो म्हणून.

मुळात पेशवाईतला वाडाच मिश्र आहे. मोगल अमदानीत हे शहर गुलशनाबाद होते. कमानीदार महिरपी आणि सुरूदार खांब त्या दरबारी परंपरेतून आले. दर्शनी लाकडावरच्या दाट कोरीवकामाचे नाते गुजरातेशी आहे, कारण सुरतेशी होणारा व्यापार नाशकाच्या वाटेने चाले. काळा पाषाण सह्याद्रीचा, सागवान पेठ-सुरगाण्याकडच्या जंगलांतले. या साऱ्याला पेशवाईने शिस्त दिली ती चौकाची. घराचा भार लाकडी खांब आणि तुळया पेलतात, विटांची भिंत मधली जागा भरते, आणि खोली मोजायची ती खणांत. त्यामुळे वाडा गरजेप्रमाणे खणाखणाने वाढत गेला. नाशकातला सरकारवाडा आणि चांदवडचा होळकरांचा रंगमहाल ही या पद्धतीची जिल्ह्यातली दोन मोठी उदाहरणे. रंगमहालातली भित्तिचित्रे आणि लाकूडकाम पाहिले की कारागिरांची तालीम किती पक्की होती ते कळते.

नाशिकच्या वाड्याला तीर्थक्षेत्राने स्वतःचे वळण दिले. इथले उपाध्ये यजमानांच्या पिढ्यांच्या नोंदी वह्यांतून जपतात, आणि यात्रेला आलेला यजमान पूर्वी त्यांच्याच घरी उतरे. म्हणून पंचवटीतल्या अनेक घरांत कुटुंबाच्या गरजेपेक्षा जास्त खोल्या आणि ओसऱ्या आढळतात. उपासना, उत्पन्न आणि मुक्काम एकाच चौकाभोवती बांधलेले होते. हे वैशिष्ट्य पुण्याच्या सरदारी वाड्यांवर लिहिलेल्या वर्णनांतून हाती लागत नाही, ते नाशकातच शोधावे लागते.

वाड्याचे गुण सांगताना त्याची उतरंडही सांगितली पाहिजे. कोण देवडीपर्यंत, कोण ओसरीपर्यंत आणि कोण माजघरापर्यंत, हे जातीने आणि लिंगाने ठरत होते. स्त्रियांचे आयुष्य मागच्या खणांत, सोवळ्याच्या नियमांत आणि बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत जाई. ज्या नाशकात १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांना काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच नाशकाचे हे घर आहे. वाड्याच्या आराखड्यात समाजाचा आराखडा आहे. तो झाकून केलेले कौतुक अपुरे ठरते.

वसाहतीच्या काळात घर कसे बदलते हे समजायला दूरची तुलना उपयोगी पडते. फिलिपिन्समध्ये १५६५ ते १८९८ स्पेनची सत्ता होती. तिथे बांबूच्या, खांबांवर उचललेल्या घरातून ‘बहाय ना बातो’ घडले : खाली दगड, वर लाकूड, आणि सरकत्या तावदानांत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ अर्धपारदर्शक तुकडे. बिगान शहरात अशी घरे आजही ओळीने उभी आहेत आणि १९९९ मध्ये ते शहर जागतिक वारसा यादीत गेले. गोव्याच्या जुन्या घरांतही शिंपल्यांच्या खिडक्या आहेत आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचा बाल्कांव आहे. दोन्ही ठिकाणी राज्यकर्त्यांचा धर्म आणि त्यांची राहणी थेट दिवाणखान्यात पोचली. नाशकात तसे झाले नाही. नारोशंकर मंदिरातली घंटा पोर्तुगीज आहे, १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली. पोर्तुगीज घर मात्र तिच्यामागोमाग आले नाही. १८१८ मध्ये आलेल्या इंग्रजांनीही देवघर, माजघर आणि चौक यांची मांडणी मोडली नाही. त्यांची सत्ता घरात शिरली ती कायदा, नगरपालिका आणि रेल्वे यांच्या वाटेने.

या दृष्टीने १८६४ आणि १८६५ ही वर्षे निर्णायक आहेत. १८६४ मध्ये नाशिकची नगरपालिका स्थापन झाली. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली, आणि त्याच वर्षी मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला. पुढच्या काही दशकांत मुंबईचा माल सहज घाट चढू लागला. देशी कौलांची दर पावसाळ्याआधी शाकारणी करावी लागे. सपाट, एकसारख्या मंगळुरी कौलांनी तो खर्च वाचवला. ओतीव लोखंडाचे खांब आणि कठडे, लोखंडी गर्डर आणि रंगीत काचा आल्या. १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव झाली आणि जाडजूड सागवान पूर्वीसारखे हाताशी राहिले नाही. बाहेरच्या बाजूला जवळजवळ आंधळा असलेला वाडा हळूहळू रस्त्याकडे पाहू लागला : वरच्या मजल्यावर सज्जा, खाली दुकानाचे गाळे, दारावर इंग्रजी धाटणीचा त्रिकोणी माथा. मेनरोडवर हे बदल आजही दिसतात. चौक आत तसाच राहिला, चेहरा मात्र नवा झाला.

शहराबाहेर दुसरे घर उभे राहत होते. १८५४ मध्ये वसलेले शरणपूरचे मिशन आणि देवळालीची छावणी यांनी व्हरांडा, आवार आणि चहूबाजूंनी हवा असलेला बंगला आणला. १८९७ नंतरच्या प्लेगने दाट वस्तीची भीती मनात भरली. तरीही प्लेगमध्ये वडील गेल्यावर सावरकर कुटुंब भगूरहून नाशकात आले आणि तिळभांडेश्वर गल्लीत राहिले. सावरकरांच्या ‘अभिनव भारत’ या क्रांतिकारी संघटनेचा इतिहास अशाच दाट गल्लीत घडला. पुढे सुस्थितीतली घरे गंगापूर रोड, कॉलेज रोडकडे सरकली आणि वाड्यांत भाडेकरू आले.

आजच्या पडझडीचे मूळ इथे आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १९४० च्या पातळीला बांधले. भाडेकरूला त्याने छप्पर दिले, हे त्याचे मोठे काम. पण तुटपुंज्या भाड्यात मालक दुरुस्ती करेना, आणि हक्क जाईल या धास्तीने भाडेकरू जागा सोडेना. १९९९ च्या नव्या कायद्यानेही ही कोंडी फुटली नाही. दर पावसाळ्यात महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि कुठे ना कुठे भिंत बसते. वाडा पडला की जमिनीची किंमत मोकळी होते. उभा राहिला तर त्याचा भार एकट्या कुटुंबावर पडतो. अशा हिशेबात कोणीही वाचवण्याचा पक्ष घेणार नाही.

याच वेळी उतरवलेल्या वाड्यांचे खांब हॉटेलांत आणि फार्महाऊसच्या दालनांत शोभेला उभे केले जातात. तिथे ते कसलाही भार पेलत नाहीत. नव्या बांधकामांना चिकटवलेल्या महिरपीही अशाच. या पद्धतीने वाड्याची खूण उरते, पण रचना, हवा-उजेडाची समज आणि सुताराचे ज्ञान जाते. खिळ्यांशिवाय सांधे बसवणे आणि तुळई बदलताना घर तोलून धरणे हे कामाने शिकायचे कौशल्य आहे; दुरुस्तीच होत नसेल तर ते शिकणार कुठे?

म्हणून जतनाचे धोरण पेशवाईचा एकच थर सजवण्यापुरते नको. मंगळुरी कौले आणि ओतीव कठडेही वाड्याच्या चरित्राचा भाग आहेत, ते ‘परके’ म्हणून काढू नयेत. राहत्या वाड्यांच्या दुरुस्तीला थेट अनुदान, मालक आणि भाडेकरू या दोघांनाही भागीदार करणारा करार, वाडा राखणाऱ्याला चटईक्षेत्राचा मोबदला आणि जाणत्या सुतार-गवंड्यांना महापालिकेचे नियमित काम, एवढे तरी सिंहस्थ कुंभमेळ्यासाठीच्या रस्ते-घाटांच्या आराखड्याबरोबर ठरले पाहिजे. इंग्रजी अमदानीपासून नाशिकचे घर बदलत आले ते मुख्यतः कायद्याने आणि पैशाच्या हिशेबाने. ते टिकवायचे असेल तर तोच कायदा आणि तोच हिशेब बदलावा लागेल, आणि ते काम वाड्यावर प्रेम करणाऱ्यांनी मागून घेतले पाहिजे.