‘गाअल’ : किळस की झिडकार?

इब्री भाषेतील ‘गाअल’ या क्रियापदाचा अर्थ कोशकार ‘किळस करणे’ असा देतात. हा अर्थ खोटा नव्हे. तथापि तो मराठीत उतरविताना मुळातील एक मर्म निसटते, आणि हा प्रश्न निव्वळ व्याकरणाचा नाही, असे आम्हांस वाटते.

जुन्या करारात हे क्रियापद अवघे 10 वेळा आले आहे. त्यांपैकी 5 वेळा लेवीय या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात. ईश्वर व त्याची प्रजा यांच्यातील करार मोडल्यास काय घडेल, हा तेथील विषय. प्रजेचा जीव आज्ञांना झिडकारतो, म्हणून ईश्वराचा जीव प्रजेला झिडकारतो. आणि अखेर 44व्या वचनात, परमुलखात पडलेल्या त्याच प्रजेचा असा अव्हेर आपण करणार नाही, असे ईश्वर सांगतो. या 5 पैकी 4 स्थळी कर्ता आहे ‘नेफेश’, म्हणजे जीव. याच शब्दाचा दुसरा अर्थ घसा. त्यामुळे क्रियेत शरीराची शिसारीही आहे.

मराठीत आपण म्हणतो, ‘मला किळस येते’. येथे माणूस कर्ता उरत नाही. किळस आपण होऊन येते, मग तिचा जाब कोणाला विचारावा? ‘विटाळ झाला’ म्हटले की दोष सरळ समोरच्याच्या अंगी चिकटतो. राज्यघटनेच्या 17व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली; परंतु वाक्यरचना कायद्याने बदलत नसते.

पंडिता रमाबाईंनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचे भाषांतर केले; ते त्यांच्या निधनानंतर, 1924 साली प्रसिद्ध झाले. सामान्य स्त्रीला समजेल अशी मराठी हा त्यांचा आग्रह होता. त्या कसोटीला ‘जुगुप्सा’ उतरणार नाही. शब्द केडगावी जसा भिडेल, तसाच गोंदियाकडील बोदलकशासही भिडला पाहिजे. ‘जिवाने झिडकारणे’ असे म्हटल्यास शिसारी राहते आणि कर्ताही राहतो, असे आमचे नम्र मत आहे.

कारण किळस जर नुसती ‘येत’ असेल, तर ती न येणे हा केवळ योगायोग ठरेल. झिडकारणे हाती असूनही न झिडकारणे, हीच 44व्या वचनातील कृपा होय.