लिंगोगाथा

लिंगोगाथा : परधान गायकांनी मौखिक परंपरेने जतन केलेले गोंडी भाषेतील कथाकाव्य. गोंडी ही द्राविडी कुलातील भाषा असून २०११ च्या जनगणनेनुसार ती सु. २९.८ लाख भारतीयांची मातृभाषा होती. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश नाही.

१८४५ पासून नागपूर येथे कार्य करणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) यांनी हे काव्य परधानाच्या तोंडून उतरवून घेतले. त्यांची टिपणे मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत गोंडी संहिता रोमन लिपीत, शब्दशः इंग्रजी अर्थासह दिली आहे. फुलातून जन्मलेला लिंगो महादेवाने गुहेत कोंडलेल्या गोंडांना मुक्त करतो, त्यांची कुळे ठरवितो व देवपूजेचे विधी घालून देतो, असे तिचे कथासूत्र आहे.

शब्दशः अर्थ रुक्ष वाटला, तरी मूळ वाक्यरचना व पुनरुक्ती त्यामुळेच कळून येतात. पुनरुक्ती हा येथे दोष नसून गायनाचा आधार होय. याउलट जेम्स फॉर्सिथ यांनी १८७१ च्या आपल्या ग्रंथात ही कथा लाँगफेलोच्या हायावाथा काव्याच्या छंदात, संक्षेपाने मांडली. तो छंद मुळात फिनलंडच्या कालेवाला महाकाव्यावरून घेतलेला असल्याने रूपांतर वाचनीय झाले. परंतु गोंडी लय लोपली.

नागपूरची संहिता हा या कथेचा एक पाठ आहे. बस्तरच्या मुडियांत लिंगो हा घोटुलचा संस्थापक व वाद्यांचा स्वामी मानला जातो. एकाच पाठास प्रमाण मानल्यास असे भेद झाकले जातात. या संदर्भात बाल्टिक कुलातील लाटव्हियन भाषेचे उदाहरण उद्‌बोधक आहे. तिची काही लोकगीते जर्मन विचारवंत हेर्डर यांच्या १७७८–७९ च्या संग्रहात आली. पुढे लाटव्हियन भाषकांपैकीच असलेल्या क्रिश्यानिस बारोन्स यांनी दोन लाखांहून अधिक गीते पाठभेदांसह सहा खंडांत (१८९४–१९१५) सिद्ध केली. हा संग्रह लाटव्हियनांच्या राष्ट्रीय अस्मितेचा आधार ठरला.

नागपूरचे अभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन या हिंदी ग्रंथात लिंगोचा अर्थ गोंडांच्या धर्मविचारातून लावला. हिस्लॉप यांची नोंद मोलाची असली, तरी लिंगोगाथेचे साहित्य म्हणून यथार्थ मूल्यमापन होण्यास गोंडी भाषकांनी संपादिलेली, विविध प्रदेशांतील पाठ एकत्र देणारी आवृत्ती आवश्यक आहे.