पहारेकऱ्याचा प्रश्न

डग्लस रश्कॉफ यांच्या ‘सर्व्हायव्हल ऑफ द रिचेस्ट’ (२०२२) या पुस्तकाच्या सुरुवातीचा प्रसंग इतक्यांदा सांगितला गेला आहे की पुस्तक न वाचलेल्यांनाही तो ठाऊक असतो. रश्कॉफ हे न्यूयॉर्कमधले माध्यमांचे अभ्यासक. तंत्रज्ञानाच्या भवितव्यावर बोलण्यासाठी भरघोस मानधन देऊन त्यांना वाळवंटातल्या एका आलिशान रिसॉर्टवर बोलावण्यात आले. तिथे सभागृह नव्हते, श्रोतेही नव्हते. टेबलाभोवती पाच अतिधनाढ्य पुरुष येऊन बसले आणि त्यांनीच प्रश्न विचारायला सुरुवात केली. हवामानबदलाचा फटका कुठे कमी बसेल, अलास्कात की न्यूझीलंडमध्ये? मग एका दलाली पेढीच्या प्रमुखाने मनातला प्रश्न काढला. त्याचे भूमिगत आश्रयस्थान जवळजवळ बांधून झाले होते. पण जग कोसळले आणि पैशाला किंमत उरली नाही, तर बंदूकधारी पहारेकरी आपले ऐकतील कशावरून? उपायही त्या मंडळींनीच सुचवले. अन्नकोठाराच्या कुलपाचा आकडा फक्त मालकाला माहीत असावा. पहारेकऱ्यांच्या गळ्यात त्यांना धाकात ठेवणारे पट्टे अडकवावेत. जमल्यास माणसांऐवजी यंत्रमानवच ठेवावेत.

रश्कॉफ यांनी हा प्रसंग प्रथम २०१८ मध्ये एका लेखात सांगितला, आणि त्यावरूनच पुढे पुस्तक उभे राहिले. प्रसंग जितका धारदार आहे, तितके पुस्तक नाही. ‘द माइंडसेट’ असे एक नाव तयार करून लेखक त्यात फ्रान्सिस बेकनपासून मेटाव्हर्सपर्यंत सगळे कोंबतो. एवढे सगळे एका पोत्यात भरले की पोते जड होते, पण आत काय आहे ते दिसेनासे होते. पहारेकऱ्यांना आजपासूनच मित्रासारखे वागवा, हे त्यांनी त्या पाच जणांना दिलेले उत्तरही मला पोकळ वाटते. हा मालकाच्या सभ्यतेचा सल्ला झाला. पहारेकरी या योजनेत नोकर म्हणूनच राहतो, फक्त त्याला चहा विचारला जातो.

हाच प्रश्न रश्कॉफ यांच्या आधी छापला गेला होता, आणि जास्त नेमकेपणाने, याकडे सहसा लक्ष जात नाही. ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात जानेवारी २०१७ मध्ये इव्हान ऑस्नॉस यांचा अतिश्रीमंतांच्या प्रलयपूर्व तयारीवरचा दीर्घ लेख आला. त्यातली एकच गोष्ट जगभर फिरली : सिलिकॉन व्हॅलीतल्या निम्म्याहून अधिक अब्जाधीशांनी अशी काही ना काही सोय केलेली असावी, हे लिंक्डइनचे सहसंस्थापक रीड हॉफमन यांचे विधान. तो एका माहीतगार माणसाचा अंदाज होता. पुढे तो आकडेवारीसारखा वापरला गेला, तो ऑस्नॉस यांचा दोष नव्हे.

मला त्या लेखातली दुसरीच एक जागा महत्त्वाची वाटते. ९/११ नंतरच्या काळातले न्यूयॉर्कमधले एक जेवण. काही अब्जाधीश आणि त्यांच्या खालोखालचे श्रीमंत अमेरिका कोसळली तर काय करायचे, याचे बेत करत आहेत. बहुतेकांचे उत्तर एकच : स्वतःचे विमान काढायचे आणि कुटुंब घेऊन पश्चिमेकडच्या रँचवर किंवा परदेशातल्या घरी जायचे. तेव्हा एका पाहुण्याने विचारले की वैमानिकाच्या कुटुंबालाही नेणार का? आणि विमानाची देखभाल करणाऱ्यांचे काय? अशी किती माणसे बरोबर घ्यावी लागतील? प्रश्न वाढत गेले आणि शेवटी बहुतेकांनी मान्य केले की आपल्याला पळता येणार नाही.

ही दोन टेबले शेजारी ठेवून पाहिली तर मधल्या वर्षांत काय बदलले ते कळते. पहिल्या टेबलावर वैमानिकाला बायकामुले होती. दुसऱ्या टेबलावर पहारेकऱ्याला फक्त मान आहे, पट्टा अडकवण्यापुरती. पहिल्या मंडळींनी हिशेब केला आणि बेत सोडला. दुसऱ्या मंडळींना हिशेब तोच दिसला, पण त्यांनी बेत कायम ठेवून माणूसच वजा केला. रश्कॉफ यांच्या पुस्तकात ऑस्नॉस यांच्या त्या पाहुण्याला जागा मिळायला हवी होती.

गडकोटांचा नाद असलेल्या माझ्यासारख्याला हा पेच ओळखीचा वाटतो. शिवाजी महाराजांच्या गडांवर हवालदार, सरनोबत, सबनीस असे अधिकारी वेगवेगळ्या जातींतून नेमलेले असत आणि कारभार संगनमताने चाले, तो एका हाती नसे. एकाला फितवून गड हाती लागू नये, हा त्यामागचा हेतू सभासदाच्या बखरीत दिसतो. खालच्या मेटांवर आणि घेऱ्यात पहारा करणाऱ्यांना जमिनी व हक्क होते. ही रचना जातीच्या उतरंडीवर उभी होती, तेव्हा तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण तिने एक गोष्ट गृहीत धरली होती : पहारेकऱ्याचे घर गडाच्या पायथ्याशी आहे, आणि गड टिकला तर ते टिकते. बंकरवाल्याला हे देता येत नाही, कारण पायथा नष्ट होणार, याच भाकितावर त्याने बंकर बांधलेला असतो.

ऑस्नॉस कॅन्ससमधल्या ‘सर्व्हायव्हल काँडो’ प्रकल्पातही जाऊन आले. ब्रॅडली गॅरेट यांच्या ‘बंकर’ (२०२०) या पुस्तकातही तो सविस्तर येतो. लॅरी हॉल यांनी २००८ मध्ये अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचे जुने भूमिगत कोठार सुमारे ३ लाख डॉलरला घेतले आणि त्यात खाली खाली जाणारे १५ मजले बांधले. पूर्ण मजल्याचा फ्लॅट ३० लाख डॉलर. पोहण्याचा तलाव, चित्रपटगृह, दवाखाना, ७५ माणसांची सोय. खिडक्यांच्या जागी पडदे आहेत आणि हवे ते दृश्य त्यावर चालते. न्यूयॉर्कच्या एका इच्छुक बाईंनी सेंट्रल पार्क मागितला, चारही ऋतूंतला, टॅक्सींच्या भोंग्यांसकट. म्हणजे भोंगा हवा आहे. भोंगा वाजवणारा बाहेरच राहील. संकट आले तर ४०० मैलांच्या आतल्या सदस्याला आणायला चिलखती गाडी जाणार आहे. ती कोण चालवणार? फाटकावर बंदूक घेतलेला पहारेकरी ऑस्नॉस यांच्या लेखात ओझरता येतो, एवढेच.

गॅरेट हे भूगोलाचे अभ्यासक असल्याने त्यांना बांधकाम दिसते, यंत्रणा दिसते, विक्रेत्याचे बोलणेही दिसते. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने आपल्या संसद सदस्यांसाठी वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीनब्रायर हॉटेलखाली गुप्त बंकर बांधला होता. १९९२ मध्ये एका बातमीने तो उघड होईपर्यंत, सुमारे ३० वर्षे, टीव्ही दुरुस्त करणारे म्हणून वावरणारी माणसे तो सज्ज ठेवत होती. बंकर ही वस्तू नसते. गाळण्या बदलणे, औषधे बदलणे, डिझेल तपासणे असे ते रोजचे काम असते. सरकार त्यासाठी पगार देऊ शकत होते, कारण पगाराला बाजारात किंमत होती.

हवाईतल्या कवाई बेटावर मार्क झुकरबर्ग यांची २०२३ मध्ये सुमारे १,४०० एकरांची मालमत्ता होती. तिथे सुमारे ५,००० चौरस फुटांचा भूमिगत निवारा होत असल्याचे ‘वायर्ड’ने डिसेंबर २०२३ मध्ये छापले. झुकरबर्ग त्याला तळघर म्हणतात. म्हणोत. कामगारांकडून गोपनीयतेचे करार घेतले गेले, हे मला जास्त बोलके वाटते. करार पाळला जातो तो न्यायालय आहे म्हणून.

मार्क ओकॉनेल यांचे ‘नोट्स फ्रॉम अ‍ॅन अपोकॅलिप्स’ (२०२०) हे या सगळ्यांत मला सर्वांत आवडलेले पुस्तक. पेपालचे सहसंस्थापक पीटर थील यांच्या न्यूझीलंडमधल्या जमिनीपर्यंत ते जातात. या प्रवासामागे ‘द सॉव्हरिन इंडिव्हिज्युअल’ (१९९७) हा ग्रंथ आहे. जेम्स डेल डेव्हिडसन आणि विल्यम रीस-मॉग यांनी त्यात भाकीत केले होते की संगणकयुगात राष्ट्रराज्ये दुबळी होतील आणि श्रीमंत माणूस गिऱ्हाइकासारखा देश निवडेल. २०२० च्या आवृत्तीला थील यांचीच प्रस्तावना आहे. त्यांना न्यूझीलंडचे नागरिकत्व २०११ मध्ये मिळाले. एरवी पाच वर्षांत १,३५० दिवस देशात राहावे लागते. त्यांचे भरले होते १२. ऑकलंडमध्ये एकेक दिवस मोजणाऱ्या मराठी कुटुंबांना यातला फरक समजावून सांगायला नको. बातमी फुटली २०१७ मध्ये.

ओकॉनेल यांच्या पुस्तकानंतरचा भाग मात्र वृत्तपत्रांतूनच वाचावा लागतो. वानाका तलावाकाठी २०१५ मध्ये घेतलेल्या १९३ हेक्टर जमिनीवर थील यांच्या कंपनीने अतिथिगृह बांधायचे ठरवले. तो काही बंकर नव्हता. आराखडा जपानी वास्तुरचनाकार केन्गो कुमा यांच्या कार्यालयाचा होता. रीतसर अर्ज झाला, हरकती आल्या, सुनावणी झाली. राष्ट्रराज्याच्या अस्ताचे भाकीत करणाऱ्या ग्रंथाचा प्रस्तावनाकार क्वीन्सटाउन-लेक्स जिल्हा परिषदेकडे बांधकामाची परवानगी मागत होता. ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेने नेमलेल्या आयुक्तांनी ती नाकारली. तलावाकाठच्या निसर्गदृश्याला बाधा येते, असे कारण दिले.