व्यक्तिमत्त्व विकासाचे मानसशास्त्रीय सिद्धांत आणि 'उचल्या' : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : व्यक्तिमत्त्व, स्व-ओळख, नकारात्मक ओळख, विमुक्त जमाती, आत्मकथन

प्रस्तावना :

'व्यक्तिमत्त्व' या संज्ञेचा इंग्रजी पर्याय लॅटिन भाषेतील 'पर्सोना' या शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ नटाने धारण केलेला मुखवटा असा आहे. मानसशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात ही व्युत्पत्ती दिलेली असते. मात्र मुखवटा कोण निवडतो, हा प्रश्न तेथे सहसा विचारला जात नाही. रंगभूमीवरील नटाला तो भूमिकेनुसार मिळतो आणि प्रयोग संपला की उतरवता येतो. जन्मापूर्वीच दुसऱ्याने चढवलेला आणि आयुष्यभर न उतरणारा मुखवटा ज्याच्या वाट्याला येतो, त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास कसा होतो, याचे उत्तर प्रचलित सिद्धांतांच्या आधारे कितपत देता येते, हे तपासण्यासाठी मराठीत एक महत्त्वाचे साधन उपलब्ध आहे. ते म्हणजे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन.

लातूर जिल्ह्यातील धनेगाव येथील, भटक्या-विमुक्तांपैकी उचल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजातील या लेखकाचे हे आत्मकथन 1987 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 1988 मध्ये त्यास साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. मराठी समीक्षेने त्याची चर्चा प्रामुख्याने सामाजिक दस्तऐवज म्हणून केली आहे. तथापि ते एका व्यक्तिमत्त्वाच्या घडणीचेही निवेदन आहे. प्रस्तुत लेखात व्यक्तिमत्त्वविषयक प्रमुख सिद्धांतांच्या प्रकाशात 'उचल्या'चे आणि 'उचल्या'च्या प्रकाशात त्या सिद्धांतांचे वाचन केले आहे.

कायद्यातील व्यक्तिमत्त्व-सिद्धांत :

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1937 मध्ये केलेल्या प्रसिद्ध व्याख्येनुसार व्यक्तिमत्त्व म्हणजे व्यक्तीच्या ठायी असलेल्या मनोशारीरिक प्रणालींचे गतिमान संघटन होय. या संघटनावर व्यक्तीचे परिस्थितीशी होणारे अनन्य समायोजन अवलंबून असते. या व्याख्येतील 'व्यक्तीच्या ठायी' ही शब्दयोजना निर्णायक आहे. व्यक्तिमत्त्वाचा शोध व्यक्तीच्या आत घ्यावयाचा, ही दिशा तिने निश्चित केली.

परंतु भारतातील काही समाजांच्या 'आत' काय आहे, हे त्यापूर्वीच कायद्याने लिहून ठेवले होते. ब्रिटिश सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याच्या समर्थनार्थ मांडलेला युक्तिवाद असा होता की, या देशात सुतारकाम किंवा विणकाम जसे पिढीजात चालते तशीच गुन्हेगारीही चालते. इटलीतील सेझारे लोंब्रोसो यांचा 'जन्मजात गुन्हेगार' या कल्पनेचा पाया घालणारा ग्रंथ 1876 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे युरोपात जे अनुमान ग्रंथरूपाने मांडले जात होते, त्याच जातीचे अनुमान भारतात पाच वर्षे आधीच कायदा बनले होते. पुढे 1911 आणि 1924 मध्ये या कायद्याची व्याप्ती वाढली. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' ठरल्या. मात्र सराईत गुन्हेगारांविषयीचे राज्यांचे कायदे त्याच्या जागी आले. मुंबई राज्याने असा कायदा 1959 मध्ये केला.

या घटनाक्रमाकडे केवळ प्रशासकीय इतिहास म्हणून पाहता येत नाही. गुन्हेगार जमाती कायदा हा एक अलिखित व्यक्तिमत्त्व-सिद्धांतच होता. स्थिर, आनुवंशिक आणि परिस्थितिनिरपेक्ष असा एकच गुणविशेष तो संपूर्ण समूहास बहाल करीत होता. 'उचल्या'तील आजोबांच्या पिढीला पोलिसांकडे द्यावी लागणारी हजेरी, घरावर वारंवार पडणाऱ्या धाडी आणि घरातील स्त्रियांनाही होणारी मारहाण हे प्रसंग म्हणजे त्या सिद्धांताचे दैनंदिन उपयोजन होय.

गुणविशेष उपपत्तीची मर्यादा :

रेमंड कॅटेल यांचे सोळा मूलभूत गुणविशेष, हान्स आयसेंक यांची आनुवंशिकतेवर भर देणारी परिमाणे आणि अलीकडील पंचघटक प्रतिमान यांनी व्यक्तिमत्त्वाच्या मापनास शिस्त आणली, हे निर्विवाद आहे. या अभ्यासकांची तुलना वसाहतकालीन अधिकाऱ्यांशी करणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या मापनाचा विषय व्यक्ती आहे, जात नाही. तरीही वर्तनामागे स्थिर आंतरिक गुण शोधण्याची या उपपत्तीची सवय 'उचल्या'सारख्या जीवनापुढे अपुरी पडते. पोलीस दिसताच पळणारा, खोटे नाव सांगणारा, अनोळखी माणसावर विश्वास न ठेवणारा मुलगा प्रश्नावलीत संशयी आणि चिंताग्रस्त ठरेल. वास्तविक ते त्याचे परिस्थितीविषयीचे अचूक ज्ञान असते. वॉल्टर मिशेल यांनी 1968 मध्ये गुणविशेषांच्या सार्वत्रिक सातत्याविषयी जी शंका उपस्थित केली, तिला या आत्मकथनात पानोपानी आधार सापडतो.

पराहम् कोणाचा? :

सिग्मंड फ्रॉइड यांनी 1923 मध्ये मांडलेल्या रचनेनुसार इदम्, अहम् आणि पराहम् यांच्या संघर्षातून व्यक्तिमत्त्व आकारास येते. पराहम् म्हणजे पालकांच्या, विशेषतः पित्याच्या निषेधांचे आंतरिकीकरण. येथे कुटुंबाची नीती आणि समाजाची नीती स्थूलमानाने एकच आहे, हे फ्रॉइड यांना गृहीत धरता आले. 'उचल्या'तील बालकाच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. चोरी हे त्याच्या समूहात उपजीविकेचे साधन आहे. पकडले गेल्यावर मार सहन व्हावा व साथीदारांची नावे तोंडातून बाहेर पडू नयेत, यासाठी मुलांना घरच्यांकडूनच मार खाण्याची सवय लावली जाते. दुसऱ्या बाजूस कायद्याचा प्रतिनिधी असलेला पोलीस मारतो आणि चोरीतील वाटाही मागतो. निषेध करणारी सत्ताच अशी भ्रष्ट असेल तर तिचे आंतरिकीकरण कसे होणार? येथे पराहम् दुर्बल आहे असे म्हणण्यापेक्षा दोन परस्परविरोधी पराहम् एकाच मुलावर अधिकार सांगतात, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

दोन शाळा :

एरिक एरिक्सन यांनी 1950 मध्ये मांडलेली आठ मनोसामाजिक अवस्थांची उपपत्ती या आत्मकथनाच्या सर्वांत जवळ येते. अमेरिकेतील मूळ रहिवासी असलेल्या सू आणि युरोक समाजांतील बालपणाचा अभ्यास त्यांनी केला होता. समूहाचा इतिहास व्यक्तीच्या विकासात उतरतो, हे त्यामुळे त्यांच्या ध्यानी आले होते.

त्यांच्या चौथ्या अवस्थेत, साधारणतः सहा ते बारा वर्षे या वयात, उद्यमशीलता आणि न्यूनता यांचा संघर्ष असतो. समाजाला उपयुक्त असे कौशल्य मिळवून मूल आपली क्षमता सिद्ध करते. उचल्या समाजातील मुलापुढे या वयात दोन शाळा उभ्या आहेत. एक शाळा हातचलाखी, धीटपणा आणि मौन शिकवते, तर दुसरी अक्षरे. पहिल्या शाळेत जो हुशार तो दुसऱ्या शाळेच्या दृष्टीने गुन्हेगार आणि दुसऱ्या शाळेत जाणारा पहिलीच्या दृष्टीने निरुपयोगी. वडिलांनी लक्ष्मणला शाळेत घातल्यावर समाजातील मुले आजारी पडतात. त्याचा दोष त्याच्या शाळेत जाण्याला दिला जातो. हा प्रसंग अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणून नेहमी उद्धृत होतो. त्यात समूहाची एक भीतीही व्यक्त झाली आहे. एकाने ओळख बदलली तर उरलेल्यांची ओळख धोक्यात येते, ही ती भीती होय. एरिक्सन यांच्या उपपत्तीत उद्यमशीलतेचे यश आणि समूहाची मान्यता एकाच दिशेने जातात. येथे एकाची किंमत दुसऱ्याने चुकवावी लागते.

पाचव्या अवस्थेसंदर्भात एरिक्सन यांनी 'नकारात्मक ओळख' ही संकल्पना मांडली. समाज ज्यास त्याज्य मानतो तीच प्रतिमा युवक स्वतःची म्हणून स्वीकारतो, असा तिचा आशय आहे. 'उचल्या' या शीर्षकात तिचा वेगळाच विनियोग दिसतो. इतरांनी शिवीसारखे वापरलेले नाव लेखकाने मुखपृष्ठावर घेतले आहे. हा त्या ओळखीपुढील पराभव खचितच नव्हे. नाव तेच राहते, परंतु ते उच्चारण्याचा अधिकार बदलतो. आल्फ्रेड ॲडलर यांच्या परिभाषेत यास न्यूनत्वभावनेची भरपाई म्हणता येईल. मात्र ॲडलर यांना अपेक्षित असलेला सामाजिक भाव येथे अधिक महत्त्वाचा आहे. लातूरच्या सूतगिरणीतील कामगार चळवळीकडे आणि पुढे विमुक्तांच्या संघटनाकडे लेखकाचा झालेला प्रवास ही केवळ वैयक्तिक भरपाई नाही.

गरजांची उतरंड आणि भाकरी :

अब्राहम मॅस्लो यांनी 1943 मध्ये मांडलेल्या गरजांच्या श्रेणीनुसार भूक आणि सुरक्षितता यांची बऱ्याच अंशी पूर्ती झाल्यावर आत्मसन्मान आणि आत्मवास्तविकीकरण या गरजा प्रबळ होतात. श्रेणी सर्वस्वी ताठर नसल्याची कबुली मॅस्लो यांनी स्वतःही दिली होती. अध्यापनात मात्र ती त्रिकोणाच्या आकृतीत बंदिस्त झाली. मराठवाड्यातीलच प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (1979) हे आत्मकथन येथे साहाय्यक ठरते. आईवडिलांविना बहिणीच्या आश्रयाने वाढणारा हा मुलगा भूक भागलेली नसतानाच शिकतो आणि 1950 मध्ये स्थापन झालेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या वाटेने पुढे जातो. 'उचल्या'तही अन्नाची आणि सुरक्षिततेची शाश्वती येण्यापूर्वीच सन्मानाची आकांक्षा जागी होते. या दोन्ही पुस्तकांत पोटाची आणि सन्मानाची भूक एकाच वेळी लागते. किंबहुना अपमान हा अन्नाच्याच प्रसंगातून भोगावा लागत असल्याने या दोन गरजा वेगळ्या पायऱ्यांवर ठेवताच येत नाहीत.

कार्ल रॉजर्स यांनी प्रतिपादलेला विनाशर्त सकारात्मक आदर या मुलांना क्वचितच लाभला. ज्या थोड्या माणसांकडून तो लाभला, त्यांच्यामुळे विकासाची दिशा पालटली. अल्बर्ट बँडुरा यांनी 1977 मध्ये मांडलेली स्व-कार्यक्षमतेची संकल्पनाही येथे उपयोगी पडते. निरीक्षणातून चोरी शिकता येते, तसे निरीक्षणातून चोरीबाहेर पडणेही शिकता येते. त्यासाठी आदर्श मात्र दृष्टीच्या टप्प्यात असावा लागतो.

वाचनाची मर्यादा :

आत्मकथन हे रुग्णवृत्त नव्हे. प्रौढ कार्यकर्त्याने मागे वळून केलेली ती निवड आणि मांडणी असते. त्यातील बालपण हे जगलेले बालपण जसेच्या तसे नसते. सिद्धांताचे खंडन किंवा मंडन एका पुस्तकावरून होत नाही. तरीही डॅन मॅकॲडम्स यांच्या मते स्वतःच्या आयुष्याची कथा रचणे हाच व्यक्तिमत्त्वाचा एक स्तर आहे. या दृष्टीने 'उचल्या'तील लेखनकृती ही विकासाची नोंद आणि विकासाचा टप्पा अशी दोन्ही ठरते. येथील 'मी' वारंवार 'आम्ही'मध्ये विरघळतो, ही शैलीची शिथिलता मानू नये. ज्यांना कायद्याने व्यक्ती म्हणून कधी ओळखलेच नाही, त्यांचा 'मी' 'आम्ही'च्या मार्गानेच सिद्ध होतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, व्यक्तिमत्त्वाचे प्रमुख सिद्धांत कुटुंबाला घडणीचे केंद्र मानतात. 'उचल्या'त शासनसंस्था त्या केंद्रात शिरलेली आहे. दोन, एरिक्सन यांची मनोसामाजिक उपपत्ती या अनुभवाच्या सर्वाधिक जवळ जाते, परंतु कौशल्य आणि मान्यता यांतील फारकत तिला पूर्णतः सामावता येत नाही. तीन, स्थिर गुणविशेषांची भाषा शिक्का बनण्याचा धोका इतिहासाने सिद्ध केला आहे. हा धोका संपलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी कारागृह नियमावल्यांतील जातिभेदमूलक तरतुदी घटनाबाह्य ठरवताना विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानण्याच्या प्रवृत्तीचीही दखल घ्यावी लागली, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

हिमायतनगर, किनवट, माहूर या परिसरातील महाविद्यालयांत तांड्यांवरून आणि वाड्या-पाड्यांवरून येणारे विद्यार्थी शिकतात. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा समाजाचाही समावेश आहे. त्यांतील अनेकांच्या घरातील ही पहिली पदवी असते. अशा वर्गात व्यक्तिमत्त्व विकासाचा अर्थ पोशाख, संभाषण आणि मुलाखतीची तयारी एवढाच घेतला गेला, तर जुन्या मुखवट्याच्या जागी नवा मुखवटा दिल्यासारखे होईल. मागच्या बाकावर गप्प बसणारा विद्यार्थी 'अंतर्मुख' आहे, असा शेरा लिहिणे सोपे असते. ते मौन त्याचा स्वभाव आहे की त्याच्या आजोबांना शिकवले गेलेले मौन आहे, हे शेरा लिहिण्यापूर्वी विचारण्याची सवय 'उचल्या'च्या वाचनाने अध्यापकास लागली, तर मानसशास्त्राच्या अध्यापनासही त्याचा लाभ होईल.