मराठवाड्यातील आपत्ती आणि स्वयंसेवी संस्थांचे मदतकार्य : एक चिकित्सा

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन्हींच्या जवळपास मध्यावर, बिडकीन हे पैठण तालुक्यातील मोठे गाव आहे. ऑगस्ट 2006 मध्ये जायकवाडी धरणातून सोडण्यात आलेल्या प्रचंड विसर्गामुळे गोदावरीचे पाणी पैठण शहरात शिरले. जिल्ह्याच्या ठिकाणाहून पैठणला मदत न्यायची तर सरळ रस्ता बिडकीनवरूनच जातो. मात्र मदत ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्यावरील गावाकडे मदतसंस्थांचे सहसा लक्ष नसते. त्यांची दृष्टी आपत्तीच्या केंद्राकडे लागलेली असते. ही बाब वरकरणी क्षुल्लक वाटेल, परंतु पूर्वतयारीच्या प्रश्नाचा आरंभ येथूनच होतो. संकट येण्यापूर्वी संस्थेला गाव माहीत असते काय आणि गावाला संस्था माहीत असते काय, हा तो प्रश्न होय.

प्रस्तुत लेखात मराठवाड्यातील मदतकार्याचा विचार एका मर्यादित कसोटीवर केला आहे. संस्था निघून गेल्यानंतर गावात काय उरले, ही ती कसोटी. संस्थांच्या अहवालांत किती ब्लँकेटे, किती शिधा, किती घरे यांची मोजदाद असते. ती आवश्यक आहेच. देणगीदाराला हिशेब द्यावा लागतो. पण देणगीदाराला दिलेला हिशेब आणि आपद्ग्रस्ताला दिलेला हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरा हिशेब मागण्याची सोय आपद्ग्रस्ताजवळ क्वचितच असते.

किल्लारी : दान मिळालेली गावे आणि दुरुस्त झालेली गावे

या कसोटीसाठी किल्लारीच्या भूकंपाइतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरील गावे कोसळली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे उशिरा झोपली होती. सुमारे 8 हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता 6.2 इतकी, म्हणजे जागतिक मापाने मध्यमच होती. एवढी प्राणहानी झाली ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद यांमुळे. शिवाय तत्कालीन भूकंपनकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. शासन, संस्था व गावकरी यांपैकी कोणीही येथे भूकंपाची तयारी ठेवलेली नव्हती, आणि त्याबद्दल कोणा एकाला दोष देता येणार नाही.

त्यानंतर जे घडले त्याची चिकित्सा मात्र करता येते. 1994 मध्ये जागतिक बँकेच्या 24.6 कोटी डॉलरच्या कर्जाच्या आधारे पुनर्वसनाचा व्यापक कार्यक्रम हाती घेण्यात आला. गावांची विभागणी हानीच्या प्रमाणानुसार झाली. सर्वाधिक हानी झालेली 52 गावे नव्या जागी वसविण्याचे ठरले. काही गावांत जुन्याच जागी पुनर्बांधणी झाली. उर्वरित गावांत, म्हणजे संख्येने सर्वांत मोठ्या गटात, घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करावयाचे होते. त्यासाठी अर्थसाह्य हप्त्याहप्त्याने देण्यात आले.

देशभरातील संस्था, उद्योगसमूह आणि विश्वस्त निधी धावून आले ते प्रामुख्याने पहिल्या गटाकडे. याचे कारण समजण्यासारखे आहे. संपूर्ण नवे गाव उभे करता येते, त्याच्या वेशीवर फलक लावता येतो, उद्घाटन करता येते. भेगाळलेल्या भिंतीत आरपार दगड बसवून दिल्याचे उद्घाटन होत नाही. नव्या गावांची आखणी सरळ रेषेतील रुंद रस्ते आणि सारख्या अंतरावरील घरे अशी झाली. जुन्या गावातील गल्ली, ओटा, वाड्याचे अंगण, जनावरांचा गोठा आणि कडब्याची गंजी यांना त्या आखणीत जागा शोधावी लागली. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरले : भूमिहीन व अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना 450 आणि मोठ्या जमीनदारांना 750. आपत्तीने क्षणभर सर्वांना एका पातळीवर आणले होते; मदतीने जुनी उतरंड मोजपट्टी लावून पुन्हा उभी केली. या सूत्रावर संस्थांनी त्या काळी जितका आक्षेप घ्यावयास हवा होता तितका घेतलेला दिसत नाही.

तंत्राबाबतही असेच घडले. गुबाळ येथे घुमटाकार घरे बांधली गेली. घुमट भूकंपात टिकतो, हे शास्त्रदृष्ट्या खरे आहे. पण घुमटाला खोली जोडता येत नाही, त्यावर धान्य वाळवता येत नाही आणि गोल भिंतीला कपाट लागत नाही. शेतकऱ्याचे घर हे पिढीगणिक वाढणारे असते, याचा विचार आराखडा करणाऱ्याच्या मनात आला नसावा. रोहित जिज्ञासू यांनी 2002 मध्ये पूर्ण केलेला प्रबंध भारत व नेपाळमधील भूकंपप्रवण ग्रामीण समाजांच्या स्थानिक ज्ञानाचा व क्षमतेचा अभ्यास करतो. बाहेरून आलेले तंत्र गावाच्या हाती राहत नसेल तर धोका कमी होण्याऐवजी केवळ रूप बदलतो, या दिशेने विचार करण्यास किल्लारी परिसराचा अनुभव भाग पाडतो. दगडाची भीती बसलेल्या गावाला दगडाचे घर सुरक्षित कसे करावे हे शिकवणे, हे नवे गाव दान देण्यापेक्षा कठीण काम होते.

ते कठीण काम दुरुस्तीच्या गटात काही प्रमाणात झाले. येथे ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेची भूमिका विशेष नोंद घेण्याजोगी आहे. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेने बाराशेहून अधिक गावांत महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. योजनेची माहिती घराघरांत सांगणे, हप्ता कोठे अडला ते पाहणे, मजबुतीकरण कसे करावे हे समजून घेऊन गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवणे आणि तक्रार अभियंत्यापर्यंत नेणे, ही कामे त्यांनी केली. ज्या बाईने कालपर्यंत ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती ती आता सिमेंटचे प्रमाण विचारू लागली. पुढे 26 जानेवारी 2001 रोजी कच्छमध्ये भूकंप झाला आणि 2004 मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्सुनामी आली, तेव्हा या अनुभवाची शिदोरी मराठवाड्यातून तेथील स्त्रियांपर्यंत पोचली. मदत घेणारे गाव मदत देणारे झाले, हे मदतकार्याचे खरे फलित मानावे लागेल.

तथापि येथेही गौरवाबरोबर चिकित्सा हवी. संवाद सहायक ही प्रकल्पाची व्यवस्था होती. प्रकल्प संपला तसे ते पद संपले. आशा कार्यकर्ती किंवा अंगणवाडी सेविका यांच्याप्रमाणे गावाच्या रचनेत त्याला स्थान मिळाले नाही. बचतगटांच्या रूपाने त्या स्त्रियांचे संघटन पुढे चालू राहिले, ते शासनामुळे नव्हे तर संस्थेच्या चिकाटीमुळे.

भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे 1,200 मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली, हेही येथे नमूद केले पाहिजे. मूल गावापासून तुटते, हा आक्षेप त्यावर घेता येतो. परंतु काही आठवड्यांत परतणाऱ्या संस्थांच्या गर्दीत दीर्घकाळ पुरणारी बांधिलकी स्वीकारणारी ही संस्था होती, आणि तेवढ्यापुरता तो आक्षेप गौण ठरतो.

सावकाश येणारी आपत्ती

भूकंपाला तारीख असते, दुष्काळाला नसते. मराठवाड्याची खरी आपत्ती दुष्काळ आहे आणि मदतसंस्थांची सर्वांत मोठी अडचणही तीच आहे. छायाचित्र काढता येईल असा क्षण तो उशिरा देतो. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला मिलो आणि वाटलेली सुकडी आजही वृद्धांच्या बोलण्यात येते. पण त्या काळात लोक तगले ते मुख्यतः कामामुळे. मे 1973 मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख मजूर होते. त्या अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि 1979 पासून अमलात आला. मागेल त्याला काम, हा हक्क ठरला. दान राहिले नाही. एवढी मूलगामी पूर्वतयारी नंतरच्या काळात कोणत्याही संस्थेला सुचली नाही, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पोचविण्यात आले. ‘जलदूत’ रेल्वेची चित्रे देशभर गेली. त्याआधीची कितीतरी वर्षे भूजल खाली जात होते, त्याचे चित्र कोणी काढले नव्हते. 2015 मध्ये स्थापन झालेले नाम फाउंडेशन व 2016 चे पानी फाउंडेशन यांनी लोकांच्या श्रमाला प्रतिष्ठा दिली, हे खरे. मात्र श्रमदानाने अडविलेले पाणी कोणत्या पिकाने प्यावे, हा प्रश्न स्पर्धेच्या गुणपत्रिकेपलीकडचा आहे. उसाविषयी बोलल्याशिवाय मराठवाड्यातील पाण्याविषयी बोलणे अपुरे राहते, आणि त्याविषयी बोलणे देणगीदारांनाही अवघड जाते.

जागतिक मानकांचा विचार येथेच करणे योग्य ठरेल. 1997 मध्ये सुरू झालेल्या ‘स्फीअर’ प्रकल्पाने मदतीची किमान मानके ठरविली : माणशी दररोज किमान 15 लिटर पाणी, निवाऱ्यासाठी माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा. मदत ही दात्याच्या मर्जीवर नसून आपद्ग्रस्ताचा हक्क आहे, हे तत्त्व त्यामागे आहे आणि ते मोलाचे आहे. परंतु ही मोजणी माणसापासून सुरू होते आणि माणसापाशीच संपते. मराठवाड्यातील शेतकरी कुटुंब जनावर सोडून छावणीत येत नाही. उलट जनावरासाठी छावणीत येऊन राहते. चारा छावण्या चालविणाऱ्या साखर कारखान्यांना, बाजार समित्यांना व स्थानिक मंडळांना हे कोणी शिकवावे लागले नाही. पशुधनासाठी स्वतंत्र जागतिक मानके 2009 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. दुष्काळातील छावणीच्या व्यवस्थेत मराठवाड्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ते लिहून ठेवण्याचे काम मात्र ना संस्थांनी केले, ना विद्यापीठांनी.

नको असलेल्या वस्तूंचा प्रश्नही सुटलेला नाही. त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. सप्टेंबर 2025 मधील मराठवाड्याच्या अतिवृष्टीत व महापुरात मदतीच्या पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रे छापल्यावरून वाद झाला. देणाऱ्याचा चेहरा घेणाऱ्याच्या गरजेपेक्षा मोठा होतो, हा त्या दोन्हींतील समान दोष होय.

बिडकीनचा प्रश्न

बिडकीन परिसरात आज औद्योगिक वसाहतीसाठी सुमारे 8 हजार एकर जमीन संपादित झालेली आहे. शेंद्रा व बिडकीन मिळून ‘ऑरिक’ या नावाने हे औद्योगिक नगर विकसित होत आहे. येथील दुष्काळ जुना आहे, दक्षिणेस 27 दरवाजांचे धरण आहे आणि कारखान्यांचा धोका नवा आहे. त्यात बाहेरगावाहून कामासाठी येणाऱ्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुरांची भर पडणार. आपत्तीच्या वेळी शिधापत्रिका, मतदारयादी आणि जमीनधारणा यांपैकी कोणत्याच यादीत ज्यांचे नाव येथे नसते असा हा वर्ग आहे. किल्लारीला घराचे क्षेत्रफळ सातबाऱ्यावरून ठरले. येथील मजुराचा हक्क कशावरून ठरेल?

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आणि जिल्हा आराखडा अनिवार्य केला. घातक रसायनांबाबतच्या 1989 च्या नियमांनुसार कारखान्याच्या आवाराबाहेरील आपत्कालीन आराखडाही प्रशासनाने करावयाचा असतो. आराखडा कपाटात असणे आणि वस्तीवरील बाईला तो तोंडपाठ असणे, यांत किल्लारी परिसरातील संवाद सहायकांएवढे अंतर आहे. ते अंतर भरून काढण्याची साधने महाविद्यालयांजवळ आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर दरवर्षी एखाद्या दत्तक गावात होते. ग्रामस्वच्छता, वृक्षारोपण, प्रबोधनपर व्याख्याने असा त्याचा ठरलेला क्रम असतो. त्याच सात दिवसांत वस्तीतील अंथरुणाला खिळलेल्या व्यक्ती, गर्भवती स्त्रिया, एकटे राहणारे वृद्ध, भाड्याने राहणारी कुटुंबे आणि जनावरे यांची नोंद होऊ शकते. पाणी आले तर कोणती उंच जागा, वायूगळती झाली तर वाऱ्याच्या कोणत्या बाजूला जायचे, चावी कोणाजवळ, ट्रॅक्टर कोणाचा, हे ग्रामसभेत वाचून दाखविता येते. ती वही ग्रामपंचायतीत राहावी आणि पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांनी ती दुरुस्त करावी. शिबिराच्या अहवालात छायाचित्रांना जेवढी पाने मिळतात, त्यांतील दोन पाने या नोंदीस पुरतील.